दहा पाट्यांतले तीन

जीप घरी आली त्या दिवशी आत्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, मागच्या फाळक्यावर दोन्ही हात ठेवून खाली दाबलं आणि म्हणाली, "ही हलत नाही गं."

बेचाळीस किलोच्या बाईने दाबल्यावर जीप हलायचं काही कारण नव्हतं. पण मग मी दाबलं, मग गड्याने दाबलं, शेवटी आम्ही दोघांनी फाळक्यावर चढून उड्या मारल्या. जीप ढिम्म. गड्याने खाली वाकून बघितलं आणि पाटे, म्हणजे स्प्रिंग म्हणून एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मोजले. मागे एकेका बाजूला दहा. वरचे सात एका जातीचे, खालचे तीन वेगळेच, जाडजूड, कडा कापताना गॅसचा टॉर्च हललेला स्पष्ट दिसत होता.

जीप शाहूवाडीकडून घेतली होती. महिंद्राची एमएम ५४०, १९९४ सालची, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. विकणाऱ्याने सगळं खरं सांगितलं, फक्त सांगायला थोडा वेळ घेतला. आधी म्हणाला, घरगुती वापर. चहा झाल्यावर म्हणाला, बाजाराच्या दिवशी थोडं वडाप. निघताना म्हणाला, तसं रोजच. वडाप म्हणजे काय, हे कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच: गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. सोळा माणसं, दोन बकऱ्या आणि टपावर ज्वारीची पोती घेऊन ही जीप बारा-तेरा वर्षं मलकापूरच्या बाजाराला गेली होती. ते तीन पाटे त्या सोळा माणसांसाठी होते. माणसं उतरून गेली, पाटे राहिले.

आमची बाग रत्नागिरीपासून आत, सड्यावर. खालच्या डांबरी रस्त्यापासून बागेपर्यंत तीन किलोमीटरचा जांभ्याचा रस्ता. रस्ता म्हणायचं आपलं. दर पावसाळ्यात तो व्हाळाच्या मालकीचा होतो आणि दिवाळीत आम्ही तो परत मागून घेतो. मध्ये दोन वळणं अशी की एक चाक दगडावर असतं तेव्हा तिरपं समोरचं चाक खड्ड्यात. म्हणून चारही चाकं ओढणारी फोर-बाय-फोर हवी, हा हट्ट माझा. पहिल्याच फेरीत आत्याचं डोकं तीनदा छताच्या पाइपाला लागलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तीन किलोमीटर चालत खाली गेली, वय चौऱ्याहत्तर, आणि विचारलं तर म्हणाली, "पाय मोकळे होतात."

तेव्हा ठरवलं की पाट्यांचं काहीतरी बघायला हवं.

सल्ले ताबडतोब आले. भाचा पुण्यात असतो आणि त्याच्या सोसायटीत स्पीडब्रेकर सोडून दुसरा चढ नाही, पण जुन्या जीपांवर त्याचा अभ्यास दांडगा. "मावशी, चार इंचाचं लिफ्ट कर. मोठे टायर टाक. बघच मग." म्हणजे जीप चार इंच उंच करायची, तर त्याचे मार्ग तीन. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या कड्या, लांब करायच्या, नाहीतर जास्त कमानीचे पाटे बसवायचे, नाहीतर सरळ एक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, खाली असलेले पाटे वर घ्यायचे. या शेवटच्या प्रकारात एक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी एवढी उंची एका फटक्यात मिळते, पाटे जुनेच चालतात, म्हणून तो लोकप्रिय आहे. माझ्याही मनात आठवडाभर तोच होता. उंच जीप दिसते छान, हे मी नाकारत नाही.

पण कागदावर मांडायला बसले तेव्हा गोष्टी कुरकुरायला लागल्या. पाट्यांनी गाडी उचलली तर चॅसी, म्हणजे सांगाडा, आणि बॉडी वर जाते. चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा, डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथेच राहतो, कारण तो एक्सलवर आहे आणि एक्सल चाकांवर. आमच्या रस्त्यावर दगडाला लागतो तो गोळाच. त्याला वर न्यायचं तर टायर मोठे हवेत, मग गिअर कमी पडतात, मग ब्रेक कमी पडतात. शॅकल दोन इंच लांब केली तर उंची वाढते एकच इंच, आणि एक्सल किंचित फिरल्यामुळे स्टिअरिंगची सरळ धरून ठेवायची ताकद बिघडते. वेग घेतला की पुढची चाकं थरथरायला लागतात. उंची वाढली की एक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात. स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, आणि एखादं चाक उसळलं की गाडी न विचारता वळायला बघते. पाटे एक्सलवर घेतले तर जोर लावताना ते इंग्रजी एससारखे पिळवटतात. आणि हे सगळं करून आंबा घाटाच्या वळणावर चार इंच उंच बसायचं, आखूड जीपमध्ये. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग कॉइल टाक."

कॉइलचं, म्हणजे गुंडाळीच्या स्प्रिंगचं, आकर्षण मला समजतं. लँड रोव्हरने १९८३ मध्ये आपल्या कामाच्या गाडीखालचे पाटे काढून कॉइल घातल्या. आपल्याकडे २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला की स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आला, तरी मागे पाटेच होते. चारी बाजूंनी कॉइल यायला २०२० ची थार उजाडावी लागली. पण पाटा नुसता स्प्रिंग नसतो. तो एक्सलला जागेवर धरूनही ठेवतो, पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडेही. कॉइल फक्त वजन पेलते. एक्सल धरायला वेगळे दांडे लागतात, दांड्यांना चॅसीवर कान वेल्ड करावे लागतात, आणि ते कान कोण, कुठे, कोणत्या कोनात लावणार यावर तुमचा घाटातला जीव अवलंबून. शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल चालणार नाहीत. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओसमोर उभं राहावं लागतं. तिथे साहेबांना चॅसीला उगवलेले नवे कान समजावून सांगायची हौस मला नव्हती.

एवढ्यात पावसाळा लागला आणि जीप मांगराशेजारी उभी राहिली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, वर समुद्राची खारी हवा. सप्टेंबरात पाटे तपासले तर दहाही पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले. याचं गणित जरा मजेचं आहे. शंभर पानी वही हातात धरून वाकवा, सहज वाकते, कारण पानं एकमेकांवर सरकतात. तीच पानं खळीने चिकटवली की पुठ्ठा होतो. पाटेही तसेच. सरकणारे दहा पाटे हे दहा पातळ पट्ट्या असतात, चिकटलेले दहा पाटे म्हणजे एक जाड फळी. आणि जाडीचा हिशोब घनात जातो. सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरचा पाटा घातला तर लोखंड वाढतं सतरा टक्के, पण कडकपणा दीडपटीच्याही वर जातो. ते तीन वडापी पाटे सात मिलिमीटरचे होते. वरचे सात सहाचे. म्हणजे संख्येने तीन असले तरी गठ्ठ्याचा चाळीस टक्के कडकपणा त्यांच्याकडे होता.

जानेवारीत, मोहोर बघून, जीप कोल्हापूरला काढली. साखरप्यानंतर घाट चढताना एकेक खड्डा पाठीच्या कण्यात नोंदवला जात होता. हायवेलगत कमान-पाट्यांची दुकानं ओळीने आहेत, ट्रकांची. बाहेर पाट्यांच्या चळती, आत भट्टी, घण. मिस्त्री साठीचे, कानावर पेन्सिल. त्यांनी जीपखाली डोकं घातलं, बाहेर आले आणि माझ्या गड्याला विचारलं, "लोड किती घालणार?" गड्याने माझ्याकडे बोट केलं. मग मला, "ताई, लोड सांगा, बाकीचं मी बघतो."

मी म्हणाले, कधी आम्ही दोघी, कधी खताच्या गोण्या, सीझनला आंबे.

"तसं न्हाई. रोजचं सांगा. लग्नाच्या दिवशीचं माप घेऊन रोजचा सदरा शिवत न्हाईत."

माझ्याकडे उत्तर होतं, कारण त्या पावसाळ्यापासून मी एक वही ठेवली होती. भाच्याशी वाद घालायला म्हणून ठेवली होती, कामाला आली इथे. सप्टेंबर ते जानेवारी जीप एकशे सात दिवस निघाली. त्यातले ऐंशीच्या वर दिवस तिच्यात मी एकटी, किंवा मी आणि आत्या, आणि मागे एखादा गॅसचा सिलिंडर. खताच्या गोण्या अकरा वेळा. गडी-माणसांनी भरलेली चार वेळा. चिखलात दोरीने दुसऱ्याची गाडी ओढली एकदा, आणि गंमत म्हणजे जीपबद्दल कुणाशीही बोलताना मी तेवढंच सांगायचे. आंब्याचे दिवस एप्रिल-मे मिळून चाळीसेक. तेव्हा मागे वीस-वीस किलोचे वीस क्रेट, म्हणजे चारशे किलो. बाकी वर्षभर ती जवळजवळ रिकामी धावते.

या गाडीच्या पूर्वजाचं सरकारी नावसुद्धा वजनाचंच होतं, हे मला तेव्हा आठवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या कागदोपत्री तिला जीप म्हणत नसत. 'ट्रक, पाव टन, फोर-बाय-फोर' म्हणत. आधी पाव टन, मग बाकीचं. १९४७ पासून मुंबईत त्या विलीज जीपा जोडायला सुरुवात झाली आणि पुढे आपल्याकडे तिच्यात पाव टन कधीच कुणी भरलं नाही. अर्धा, पाऊण, एक. दर गावात एक भट्टी होतीच पाटा वाढवून द्यायला.

मिस्त्रींनी माप घ्यायची त्यांची पद्धत दाखवली. चॅसीखाली जॅक लावायचा, चाक जमिनीवरून नुसतं सुटेपर्यंत गाडी उचलायची, चॅसी आणि एक्सल यांच्यातलं अंतर मोजायचं. मग गाडी खाली सोडायची, दोन-चार वेळा हलवून पाटे मोकळे करायचे, पुन्हा मोजायचं. फरक म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाने पाटा किती दबतो ते. मागे साडेतीन सेंटिमीटर. पुढे पाच. मिस्त्री म्हणाले, "ही तर बैलगाडी हाय." त्यांचा अंदाज अनुभवाचा, पण त्यामागचं सूत्र शाळेतल्या लंबकाचंच आहे. पाटा पंचवीस सेंटिमीटर दबला तर गाडी सेकंदाला एक हेलकावा खाते. अकरा दबला तर दीड, सहा दबला तर दोन. आरामाच्या मोटारी एक ते दीडच्या दरम्यान असतात. आमची मागून अडीचच्याही पुढे होती, आणि तेही पाटे सरकले तर. बारीक खड्ड्यांवर ते सरकतच नसत, तेव्हा फक्त टायर आणि आत्याची गादी काम करत होती.

पुढचं-मागचं माप वेगळं ठेवण्यातही एक हिशोब आहे. तो मांडला मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरने. रोल्स-रॉइसचा हा माणूस १९३० च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला, आणि पुढे-मागे वजनं सरकवता येतील अशी एक गाडी करून तीत माणसं बसवून बघायचा. त्याचं म्हणणं असं: खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभराने. मागचे पाटे पुढच्यांपेक्षा थोडे चपळ असतील तर मागची बाजू पुढचीला गाठते आणि गाडी डोलण्याऐवजी सपाट वर-खाली होते. उलट असेल तर ती मान डोलावत राहते. म्हणजे मागचे पाटे थोडे कडक हवेत हे वडापवाल्याचं चुकलं नव्हतं. त्याचं 'थोडं' तेवढं मोठं होतं.

मिस्त्रींनी पूर्ण गठ्ठा उघडला. मागचे तीन-तीन पाटे काढले. पुढे एकेक जादा निघाला. उरलेले घासून, मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस भरून, बुश नवे, सेंटर बोल्ट नवे, यू-बोल्ट नवे. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा तसे आवळत नाहीत. दोन पाट्यांची कमान बसली होती. मी विचारलं, भट्टीत घालून देता का? त्यांनी मान हलवली. लाल करून ठोकला तर कमान येते, पण त्यानंतर तेलात विझवणं आणि पुन्हा बेताचं तापवणं हे मापात झालं नाही तर पाटा एकतर मऊ राहतो नाहीतर काचेसारखा तडकतो. "ट्रकवाल्याला करून देतो, त्याला घाई असती. तुम्ही नवीनच घ्या." धंद्याचं नुकसान करून दिलेला हा सल्ला मी ऐकला.

पॅराबोलिक पाट्यांचंही विचारून घेतलं. त्यात दोन-तीनच पाटे, मध्ये जाड, टोकाकडे पातळ होत गेलेले, आणि एकमेकांना फक्त मध्ये नि टोकाला टेकणारे. घर्षण जवळपास नाही, म्हणून फार सुरेख चालतात. पण या जीपच्या मापाचे चांगले पाटे बाहेरून मागवायचे तर किंमत जीपच्या निम्मी होत होती. शिवाय घर्षण गेलं की हेलकावे थांबवायचं सगळं काम शॉकअपवर येतं. ही गोष्ट आमच्या साध्या पाट्यांनाही लागू झाली. गंजलेला गठ्ठा स्वतःच हेलकावे थांबवत होता. मोकळा केल्यावर कळलं की चारही शॉकअप केव्हाच मेलेले होते. नवे साधे तेलाचे घेतले. गॅसवाले घ्या, असा आग्रह झाला. तेल तापून फेसाळणं ही वेगाने, तासन्‌तास खडखडाटी रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांची दुखणी. माझ्या रस्त्यावर वेग पंधराचा. त्यापेक्षा लांबी महत्त्वाची होती: एक चाक दगडावर चढवून दुसरं लटकवलं आणि दोन्ही टोकांना टेप लावला. लटकलेल्या चाकाचा सगळा भार शॉकअपवर आला तर त्याच्या टोकाची कडी तुटते. तो भार पाट्यानेच घ्यायला हवा.

उरला आंब्याचा प्रश्न. रिकाम्या जीपला मऊ केलं तर चारशे किलोला ती मागून बसणार. इथे मिस्त्रींनी जे केलं त्यासाठी मी त्यांना पुढच्या वर्षी दोन डझन आंबे पाठवले. गठ्ठ्याच्या तळाशी एकच जाड, जवळजवळ सपाट हेल्पर पाटा बसवला. त्याच्या टोकांशी आणि वरच्या पाट्यात फट. रिकामी जीप त्याला शिवतही नाही. वजन पडलं, वरचे पाटे तीनेक सेंटिमीटर बसले की ती फट मिटते आणि हेल्पर कामाला लागतो. मागचं माप आता सहा सेंटिमीटर, पुढचं सात. ऑलीसाहेबांनी नापास केलं नसतं.

परतताना आंबा घाटात पाऊस नव्हता, धुकं होतं. आत्या यायला तयार नव्हती म्हणून खड्ड्यांचं मत गड्याला विचारलं. तो झोपला होता.

एप्रिलमध्ये पहिल्या वीस क्रेटांसह जांभ्याच्या रस्त्याने उतरले. मोठ्या खड्ड्यात मागून एक बारीक टक् असा आवाज आला, फट मिटल्याचा. मी टायरमधली हवाही थोडी कमी केली होती; हे सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन, फक्त ट्यूबवाल्या टायरात फार कमी करू नये, टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह फाटतो. खाली क्रेट उघडून पाहिले. तळच्या थरातले तीन आंबे दबलेले. आधीच्या वर्षी भाड्याच्या पिकअपने उतरवताना क्रेटमागे तेवढे जायचे, तेही चालकाने मेहेरबानी केली तर. आमच्याकडे एक जण छातीठोक सांगतो की धक्क्याने आंब्यात साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो. साका झाडावरच होतो, त्याचा गाडीशी संबंध नाही, पण जीपचं नाव खराब करायला लोकांना तेवढं पुरतं.

भाचा मे महिन्यात आला. जीप बघून त्याचा चेहरा पडला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. उलट पाटे काढल्याने ती मागून थोडी खालीच आली होती. मी त्याला त्या दोन वळणांवर नेलं, जिथे पूर्वी मागचं एक चाक हवेत जाऊन नुसतं फिरायचं. आता चारही चाकं जमिनीला धरून, मुंगीच्या पावलाने ती वर आली. तो म्हणाला, "ठीक आहे." मग थोड्या वेळाने, "पण दिसत नाही गं काही."

आत्या आता पुढे बसते. पाय मोकळे करायचं नाव काढत नाही. मात्र जीपबद्दल चांगलं असं ती अजून एक अक्षर बोललेली नाही.

मागचे काढलेले सहा पाटे मांगरात टेकवून ठेवले होते. त्यातले दोन गावच्या लोहाराने नेले. पाट्याच्या पोलादाचा कोयता वर्षानुवर्षं धार धरतो. बदल्यात त्याने आत्याला एक कोयती करून दिली. ती तिला जड होते, पण नारळ सोलायला दुसरी घेत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाहूवाडीहून फोन आला. जीप विकणाराच.

"ताई, ते खालचे जादाचे पाटे तुम्ही काढले असणार. ठेवलेत का?"

"चार आहेत. दोनाचे कोयते झाले. का हो?"

"दुसरी जीप घेतलीय. बाजार चालू व्हायचाय."

मी म्हटलं, सोळाच माणसं ना?

"आता अठरा बसत्यात," तो म्हणाला. "चार तर चार. मलकापूरच्या एस.टी.त टाका."

गड्याने पाटे गोणपाटात बांधले.